मुकादमाचा हुरूप

चिरंजीव धाकट्यास (केस पांढरे होऊन गळून गेले तरी तू धाकटाच), थोरलीचे अनेक आशीर्वाद. तुझ्या बायकोला त्याहून थोडे जास्त, कारण तुला सांभाळायचं काम तिच्याकडे आहे. तुझा खोकला कसा आहे? मागे फोनवर तू खोकला पार गेला म्हणून सांगत होतास, आणि ते सांगतानाच इतका खोकलास की पुढचं मला काही ऐकू आलं नाही. माझं विचारशील तर गुडघा आहे तिथेच आहे. डॉक्टर म्हणतात चालत राहा, गुडघा म्हणतो बसून राहा. (दोघांपैकी गुडघ्याशी माझी ओळख जुनी, म्हणून मी आजवर त्याचंच ऐकत आले.) बाकी खाणंपिणं, झोप आणि दुसऱ्यांच्या चुका काढणं, सगळं व्यवस्थित चालू आहे.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि ऐकलेल्यातलं निम्मं तू जेवेपर्यंत विसरतोस. पत्र कसं, खिशात राहतं, टोचत राहतं. नेहमीचा नियम याही पत्राला आहे: लिहिणारा एक, मला वाचून दाखवणारा दुसरा, मगच पाकीट चिकटवायचं. मला अक्षर येत नाही, पण अक्षर लिहिणाऱ्यांना मी चांगली ओळखते. तुझे भाऊजी होते तेव्हा एकदा मी समोर बसून तुला चांगलं अर्धं पान रागावले होते, आणि त्या गृहस्थाने लिहिलं काय, तर इकडे सर्व कुशल, कधी येतोस? आणि तू आलास की रे, दोन हातांत दोन पिशव्या घेऊन, हसत हसत. तेव्हापासून हा नियम. आज लिहायला तुझा भाचा बसला आहे. सूनबाई औषधांच्या दुकानातून आली की वाचून दाखवील. तेव्हा लिहिणाऱ्याने जपून लिहावं. (मामा, मी शब्दही गाळत नाही. नमस्कार. – भाचा)

पत्रास कारण मुकादम. मुकादम म्हणजे आमचा कुत्रा, रिट्रीवर जातीचा. टाकलेली वस्तू शोधायची, न चावता तोंडात धरायची आणि धन्याच्या हातात आणून द्यायची, यासाठीच ही जात म्हणे जन्माला येते. (तुझ्या भाऊजींनी उभ्या जन्मात स्वतःचा ओला टॉवेल उचलला नाही, त्यामुळे मी हे फार आदराने ऐकून घेतलं.) रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा, आणि शेपटी अशी की एका फेरीत टेबलावरच्या कपबश्या खाली. मुळात तो नातीचा. तिची नोकरी परगावी गेली, तिथल्या घरमालकाने सांगितलं की माणसं कितीही आणा, कुत्रा चालणार नाही. तिने कुत्रा आमच्याकडे पाठवला. माणसं कितीही आणा याकडे मात्र तिचं लक्ष गेलं नाही. नाव तिने काहीतरी परकं ठेवलं होतं, माझ्या तोंडात बसेना. हा बघावं तेव्हा जिथे काम चालू असेल तिथे मधोमध उभा राहून काम नीट होतंय ना हे बघत असतो, म्हणून मी मुकादम म्हणायला लागले, आणि त्यालाही ते पटलं.

त्याची एक सवय ऐकून ठेव. घरात काही खाली पडलं की हा उचलतो, आणि ज्याचे हात रिकामे असतील त्याला नेऊन देतो. आता सूनबाईच्या हातात सदा भांडं नाहीतर औषधांची पिशवी, माझ्या हातात काठी. राहिलं कोण? तुला ठाऊकच आहे, रस्ता रुंद झाला तसं तुझ्या भाच्याचं दुकान अरुंद झालं आणि मग नाहीसंच झालं. एवढी वर्षं शिवणाची मशीनं दुरुस्त केली, आता हत्यारांच्या पेट्या पलंगाखाली आणि हा पलंगासमोरच्या सोफ्यावर. (हे तोच लिहितो आहे, तेव्हा मी इथे थांबते.) (मी विश्रांती घेतो आहे, मामा. – भाचा) तर या विश्रांतीच्या छातीवर मुकादम दिवसभर एकेक जिन्नस आणून ठेवतो. मोजा, विजेचं बिल, कुकरची रिंग, एकदा अख्खा कांदा. हा डोळे न उघडता म्हणतो, ठेव तिथे. कांदा संध्याकाळपर्यंत तिथेच होता.

नातीला हे फोनवर कळलं आणि तिने शिकवणारी बाई ठरवून टाकली. गळ्यात शिट्टी, पायात चिखलाचे बूट, आवाज मात्र दवाखान्यात बोलावा तसा हळू. आम्ही तिला शिट्टीबाई म्हणतो (तिच्यामागे). पहिल्या दिवशी ती घरी आली, आमच्या दोन खोल्यांमधल्या बोळकांडीत उभी राहिली आणि म्हणाली की ही जागा उत्तम, इथे कुत्र्याला परत येण्यावाचून दुसरीकडे जायला वाटच नाही. एवढी वर्षं आम्ही त्या बोळकांडीला नावं ठेवत होतो! मग तिने पिशवीतून कॅनव्हासचा एक छोटा लोड काढला, हातभर, दोरी लावलेला. तो फेकायचा आणि मुकादमाने आणायचा, एवढीच विद्या. पण विद्या सोपी असते रे, शिकणाऱ्याची उमेद टिकवणं अवघड असतं, आणि ती बाई मुकादमाशी कमी आणि आमच्याशी जास्त बोलली ती त्याचबद्दल.

ती म्हणाली, खेळ झाला की लोड कपाटात बंद करून ठेवा. जी वस्तू सारखी डोळ्यांसमोर पडून असते तिची किंमत राहत नाही. (मी सूनबाईकडे बघितलं, सूनबाईने सोफ्याकडे बघितलं. पण आमचं कपाट एवढं मोठं नाही.) ती म्हणाली, फार वेळा फेकू नका, त्याला अजून हवं असं वाटत असतानाच थांबा; पोट भरायच्या आत पानावरून उठवलेला पाहुणा पुन्हा येतो. म्हणाली, लांब जमत नसेल तर जवळ फेका, पण शेवटची फेक त्याला जमेल अशीच असू दे, हरलेल्या मनाने घरी नेऊ नका. आणलं की तोंडातून हिसकावू नका. आधी पाठ थोपटा, जरा मिरवू द्या, मग हळूच मागा. आणि भलतीच वस्तू आणली तरी रागावायचं नाही, कारण वस्तू चुकली तरी आणायची इच्छा खरी होती. मी हे सगळं ऐकत बसले होते. मला वाटलं, ही बाई आपल्या लग्नाआधी आपल्या सासूला भेटली असती तर माझी कितीतरी वर्षं सुखात गेली असती.

तुझ्या भाच्याला मात्र नव्याचा भलता जोर. दुसऱ्याच दिवशी मुकादमाला शाळेमागच्या मैदानावर घेऊन गेला, मलाही नेऊन फाटकाजवळच्या बाकावर बसवलं. फेकला, आणला. फेकला, आणला. मुकादमाची शेपटी पंख्यासारखी. आणि हा फेकतोय, फेकतोय, थांबायचं नावच नाही. जमतंय तोवर करून घ्यावं असं त्याचं म्हणणं. शेवटी मुकादम लोडापाशी गेला, त्याच्यावर हनुवटी ठेवून आडवा झाला आणि आकाशातले कावळे बघायला लागला. याने हाक मारली, त्याने कान हलवला. याने आणखी मोठ्याने हाक मारली, त्याने दुसरा कान हलवला. मग तुझा भाचा तिथपर्यंत गेला आणि तोही शेजारी बसला. मैदानाच्या मधोमध दोघं कावळे बघतायत, आणि चेंडू खेळणारी मुलं त्यांना वळसा घालून खेळतायत. (मला दम लागला नव्हता. त्याला सोबत म्हणून बसलो. – भाचा)

शिट्टीबाईने येऊन बघितलं आणि म्हणाली, हुरूप गेला, आता पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, कुणाचा? ती हसली नाही. (हसायला हवं होतं.) मग पुन्हा बोळकांडी, पुन्हा जवळची फेक, थोडंसं खेळून लगेच लोड कपाटात. मुकादम कपाटासमोर बसून दाराकडे बघायला लागला, तेव्हा बाई म्हणाली, आता ठीक. मैदानावर जायचं, पण रोज एकाच कोपऱ्यात नाही, जागा बदलत राहायची, म्हणजे त्याला कंटाळा येत नाही. झालं! याचा त्रास कुणाला, तर मला. फाटकाजवळचा बाक माझा पाठ झाला होता. तो सोडून तुझा भाचा मला झाडाखालच्या बाकावर घेऊन गेला. तिथे जरा टेकतेय तोवर त्याच्या पुढचा, खेळाचं सामान ठेवतात त्या खोलीजवळचा. आता तर पंपघराजवळ. विचारलं की म्हणतो, आई, मुकादमाला नवी जागा लागते. मुकादमाला चार पाय आहेत, माझ्या एका गुडघ्याचं मत कुणी विचारतं का?

आता मुख्य फजिती सांगते. परवा संध्याकाळी पंपघराच्या बाकावर मी, समोर गवतात एक निवृत्त बँक मॅनेजर. हे गृहस्थ बूटमोजे काढून गवतात अनवाणी फेऱ्या मारतात, त्याने नजर सुधारते म्हणे. तुझ्या भाच्याने लोड फेकला, छान, बेताचा. मुकादम सुटला, लोडाजवळ गेला, लोड हुंगला, आणि जणू हे खालच्या माणसांचं काम असं बघून पुढे गेला, तो थेट मॅनेजरांच्या बुटापाशी. तपकिरी, नवा, पॉलिश केलेला बूट. तो तोंडात घेऊन हा वळला आणि एवढ्या दिमाखात निघाला की मलाही क्षणभर वाटलं, बूटच फेकला होता. इथे बाईने सांगितलेलं की काही झालं तरी कुत्र्याच्या मागे पळायचं नाही. पाठ फिरवून उलट दिशेला चालू लागायचं, म्हणजे तो आपल्यामागे येतो. मॅनेजरांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ते पळाले. त्यांना पळताना बघून तुझा भाचा पळाला. मुकादमाला वाटलं, अरे वा, आज सगळेच खेळतायत! मग पंपघराला फेऱ्या सुरू झाल्या. पुढे बूट, मागे अनवाणी मॅनेजर, त्यांच्या मागे तुझा भाचा, त्याच्यामागे चेंडू सोडून आलेली मुलं. धाकट्या, तुझा भाचा असा पळाला की मला त्याची शाळेतली शर्यत आठवली. (भरभर चाललो. – भाचा) (पळाला. – आई. हे लिहून घेतलंय ना, ते सूनबाई वाचताना मी ऐकणार आहे.)

शेवटी मी उठले, चार पावलं पुढे गेले आणि हात पुढे केले. मुकादमाने सगळ्यांवरून नजर फिरवली, माझे हात रिकामे दिसले, आला आणि बूट माझ्या हातात ठेवला. ओला होता, पण दाताची एक खूण नाही. मी आधी त्याची पाठ थोपटली, जरा मिरवू दिलं, आणि मग बूट मॅनेजरांना दिला. ते म्हणाले, अहो आजी, तुम्ही त्याला शाबासकी काय देताय? मी म्हटलं, साहेब, तुम्हाला बूट परत मिळाला, त्याला एवढं तरी मिळू दे. आता ते फेऱ्या मारताना बूट हातात घेऊन फिरतात. घरी निघताना लक्षात आलं की माझी काठी बाकावरच राहिली आहे. म्हातारपणाचा विसरभोळेपणा, दुसरं काय.

असं सगळं आहे. लोडाचं एक टोक उसवलं आहे आणि आतला भुसा सांडतो आहे, तेव्हा तुझ्या पिशव्यांच्या कारखान्यात जाड कॅनव्हासचा एखादा तुकडा उरला असेल तर पाठव, एवढंच मागणं. खोकल्यावर पंख्याखाली झोपू नकोस, आणि झोपायचंच असेल तर मला कळवू नकोस. सगळ्यांच्या डोक्यावर माझा हात आहे असं समजा. लांबून आहे, म्हणून जड लागायचा नाही.

तुझी थोरली

ता. क. कॅनव्हास पांढरा पाठव. मुकादमाला लोड वासाने सापडतो, पण तुझ्या भाच्याला आपण कुठे फेकला तेही दिसत नाही.

दुसरा ता. क. इथून पुढे सूनबाईचं अक्षर आहे. तुझा भाचा मुकादमाला घेऊन पाय मोकळे करायला गेला आहे, तेवढ्यात सांगते. पत्र सूनबाईने वाचून दाखवलं, सगळं बरोबर आहे, पळाला हेसुद्धा आहे. आता ऐक. कॅनव्हासचं राहू दे. मुकादमाला काही झालेलं नाही. तो पहिल्या दिवसापासून शहाणा आहे. शिट्टीबाई जे जे सांगते ते मी मनात दुसऱ्याच कुणासाठी साठवते, आणि कुणासाठी ते तुला सांगायला नको. दुकान गेल्यावर आम्ही सगळ्यांनी त्याला फार वेळा हाका मारल्या रे. तू नवं दुकान काढ म्हणालास, नात म्हणाली ऑनलाइन काहीतरी कर, मी म्हटलं निदान दाढी कर. सगळ्यांनी लांब लांब फेकलं. तो आडवा झाला.

म्हणून आता जवळून सुरुवात केली आहे. मागच्या आठवड्यात गजराचं बंद पडलेलं घड्याळ माझ्या हातून पडलं. (पाडलं.) मुकादमाने नेऊन त्याच्या छातीवर ठेवलं. बऱ्याच वेळाने पलंगाखालून पेटी ओढल्याचा आवाज आला. मी मान वळवली नाही. सूनबाई भाजी चिरत होती, तिचीही सुरी थांबली, पण तीही वळली नाही. घड्याळ चालू झालं. मी एकदाच म्हटलं, छान, आणि विषय बदलला. पेटी त्याने परत पलंगाखाली सरकवली, पण पुरती आत नाही. कडी बाहेर दिसते आहे. मला अक्षर वाचता येत नाही, पण ती कडी वाचता येते.

तेव्हा तुझ्या कारखान्यातलं शिवणाचं एक मशीन बिघडलंय म्हणून पाठव. बिघाड सोपा हवा, पहिली फेक आहे. बिघडलेलं नसेल तर बिघडव. लहानपणी तुला हे कुणी सांगायची गरजही नसे. सोबत दयेचा एक शब्द लिहू नकोस, त्या बाबतीत त्याचं नाक मुकादमापेक्षा तिखट आहे. अडलंय, लवकर कर, एवढंच. दुरुस्त होऊन आलं की एक ओळ कौतुकाची, दोन नाहीत. आणि दुसरं मशीन तो आपणहून विचारेपर्यंत पाठवू नकोस. (मामा, बॉबिनचा किरकोळ बिघाड पुरे. सुई-दोऱ्याच्या टायमिंगचा अवघड, तो इतक्यात नको. – सून)

हा मजकूर मला दुसऱ्या कुणी वाचून दाखवायला हवा, पण घरात लिहितावाचता येणारा दुसरा माणूस म्हणजे तोच. म्हणून जन्मात पहिल्यांदा माझा नियम मोडते. वाचून झालं की फाडून टाक.

तिसरा ता. क. मामा, पुन्हा मी, भाचा. आईने पत्र तिच्या शेकायच्या रबरी पिशवीखाली दडवलं होतं. आम्ही परत आल्यावर तिने पिशवी उचलली तसं ते खाली पडलं. हिचे हात साबणात होते, आईच्या हातात पिशवी. माझे हात नेमके रिकामे होते. पाकिटाच्या कोपऱ्यावर ओल आहे ती मुकादमाची. आईने ते माझ्या हातात बघितलं आणि खिडकीबाहेर कावळे बघायला लागली. मी म्हटलं, पोस्टाच्या पेटीत टाकून येतो. तिने बरं म्हटलं.

मी बोळकांडीत उभा राहून वाचलं. नियमच आहे, लिहिणारा एक, वाचणारा दुसरा. रागावलो नाही. भलतीच वस्तू आणली तरी रागावायचं नसतं.

मशीन पाठवा. आधी बॉबिनचंच पाठवा, दोघींची तशी इच्छा आहे. पण तुमचा फोन येतो तेव्हा मागे ज्याची खडखड ऐकू येते त्याचं टायमिंग गेलं आहे, हे मला कधीचं कळलंय. नंतर ते पाठवा. ते दुसऱ्या कुणाला उघडायला देऊ नका.

आणि बाक मी मुकादमासाठी बदलत नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून आई घराच्या फाटकापलीकडे जायलाच तयार नव्हती. चाल म्हटलं की गुडघा पुढे करायची. मुकादमाचं निमित्त करून एकेक बाक पुढे नेला. परवा पंपघराजवळ ती काठी विसरून उठली, हे तिने विसरभोळेपणात घातलं आहे. ती चार पावलं म्हणते. ती बरीच होती. मी पळत होतो तरी ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. आता पलीकडच्या नळाजवळचा बाक राहिला आहे. हे सगळं तिला कळवू नका. आपणच सगळ्यांना शिकवतो आहोत असं तिला वाटत राहू दे, नाहीतर तिचा हुरूप जाईल.

हा मजकूर नियमाप्रमाणे हिने वाचला आहे.

कॅनव्हासही पाठवाच. नवा लोड मी शिवतो. घरातलं जुनं मशीन आत्ता पुढच्या खोलीत आणून ठेवलं आहे, सोफा जरा सरकवावा लागला. आई तिथून दोनदा गेली. तिने तिकडे अजिबात बघितलं नाही.